वाघीण जुनी करताना : प्रतिकृती रंगविण्यामागचे विज्ञान

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती हमखास असते. पुठ्ठ्याचे डबे, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची चाके आणि वर चकचकीत तांबडा रंग. मापे काळजीपूर्वक घेतलेली असतात, दारे-खिडक्या जागच्या जागी असतात. तरीही पाहणारा पटकन म्हणून जातो, "वा, छान खेळणे केले आहे!" करणाऱ्या विद्यार्थ्याला हे बोल लागतात, कारण त्याने खेळणे केलेलेच नसते. त्याने खऱ्या वस्तूची लहान आवृत्ती केलेली असते.

मग उणे कोठे राहिले? बहुतेक वेळा ते मापात नसते, रंगात असते. खरा डबा कारखान्यातून बाहेर पडतो त्या दिवसापासून ऊन, पाऊस, धूळ आणि माणसांचा वापर त्याच्यावर आपापल्या खुणा करू लागतात. या खुणा आपले डोळे नकळत वाचत असतात. त्या दिसल्या नाहीत की मेंदू निर्णय देऊन मोकळा होतो : ही वस्तू खरी नाही, लहान आहे. प्रतिकृतीवर अशा खुणा रंगांनी आणि रंगद्रव्यांच्या भुकटीने उमटविणे हे जगभरच्या प्रतिकृतिकारांचे आवडते काम आहे. १९७७ साली पडद्यावर आलेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील अवकाशयानांच्या प्रतिकृती मुद्दाम मळवून, ओरखडे पाडून वापरल्या होत्या. ती याने वापरातली वाटतात, याचे एक कारण हेच.

हे काम केवळ हाताच्या कौशल्याचे आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि द्रवांचे गुणधर्म पावलोपावली भेटतात. आपण एक ओळखीची वस्तू घेऊ : कोळसा वाहणारी मालगाडीची उघडी वाघीण. आपल्या रेल्वेवर 'बॉक्सएन' या नावाने ओळखली जाणारी ही वाघीण सुमारे १० मीटर ७० सेंटिमीटर लांब आणि ३ मीटर २० सेंटिमीटर रुंद असते. १:५० हे प्रमाण घेतले, तर आपली पुठ्ठ्याची वाघीण साधारण २१.४ सेंमी. लांब आणि ६.४ सेंमी. रुंद होईल. एक मीटर व्यासाचे चाक २ सेंमी. होईल. ती तुम्ही बांधली आहे असे समजू आणि रंगाकडे वळू.

आधी खरी वाघीण पाहा

रंगाची डबी उघडण्यापूर्वी एक वही आणि पेन्सिल घ्या आणि स्थानकाच्या फलाटावरून उभ्या मालगाडीचे निरीक्षण करा. (रुळांवर किंवा मालधक्क्यावर जाऊ नका. फलाटावरून पुरेसे दिसते.) वाघिणीचे ढोबळ चित्र काढा आणि कोठे कोणता डाग आहे ते टिपा. काही गोष्टी लगेच लक्षात येतील.

पहिली गोष्ट, गंज सगळीकडे सारखा नसतो. तो बोल्टाभोवती, दाराच्या बिजागरीखाली, पट्ट्यांच्या सांध्यांत आणि खालच्या कडेला अधिक असतो. म्हणजे जेथे पाणी साचून राहते आणि उशिरा वाळते, तेथे. दुसरी गोष्ट, गंजाचे ओघळ वरून खाली जातात, आडवे कधीच जात नाहीत. तिसरी, धूळ आणि चिखल खालच्या भागावर असतो, आणि त्याचा रंग त्या गाडीने केलेल्या प्रवासाचा असतो. दख्खनच्या काळ्या मातीतून आलेल्या वाघिणीवर करडी-काळपट धूळ असते, तर कोकणच्या जांभ्या दगडाच्या प्रदेशातून आलेल्या वाघिणीवर तांबूस. चौथी, उन्हाकडच्या बाजूचा रंग विटलेला, खडूसारखा पिठूळ झालेला असतो. उन्हातील जंबुपार किरण रंगातील बंधकद्रव्य, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, हळूहळू तोडून टाकतात आणि रंगाचे कण सुटे होतात. जुन्या रंगविलेल्या दारावरून हात फिरवला की हाताला भुकटी लागते, ती हीच.

पाचवी गोष्ट चाकांची. चाकाचा जो भाग रुळावर टेकतो तो घासून घासून चांदीसारखा चकाकतो. त्याच चाकाचा बाजूचा भाग मात्र तपकिरी, धुळकट असतो, कारण ब्रेक लागताना झिजलेले लोखंडाचे बारीक कण तेथे बसतात आणि गंजतात.

कोळशाच्या वाघिणीची आतली बाजू तर वेगळीच गोष्ट सांगते. विदर्भातील खाणींचा कोळसा भुसावळजवळच्या दीपनगर किंवा नाशिकजवळच्या एकलहरे येथील वीजकेंद्रांकडे अशाच वाघिणींतून जातो. तेथे यंत्राच्या साहाय्याने वाघीणच उलटी करून कोळसा ओततात. प्रत्येक वेळी कोळशाचे खडे आतल्या पत्र्यावरून घासत जातात आणि रंग खरवडून निघतो. शिवाय कोळशात थोडे गंधक असते. ओल्या कोळशातून झिरपणारे पाणी त्यामुळे आम्लधर्मी होऊ शकते आणि उघड्या पोलादाला खाऊ लागते. म्हणून पुढे काही प्रकारच्या वाघिणी न गंजणाऱ्या पोलादाच्या करण्यात आल्या. साध्या पोलादाच्या वाघिणीच्या आत रंग जवळजवळ नाहीच, गडद गंज आणि कोळशाची काळी भुकटी आहे, हे आपल्या प्रतिकृतीत दिसले पाहिजे.

पन्नासपट लहान केले, तरी काय लहान होत नाही?

लांबी, रुंदी, उंची आपण पन्नासाने भागली. पण निसर्गातील काही गोष्टी आपल्या भागाकाराला जुमानत नाहीत. त्या कोणत्या हे कळले की अर्धे काम झाले.

रंगाचा थर घ्या. खऱ्या वाघिणीवरील रंगाचा थर मिलिमीटरच्या अल्पशा अंशाइतका असतो. आपण कुंचल्याने एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर प्रतिकृतीच्या प्रमाणात तो ५ मिलिमीटर जाड झाला! २ सेंमी. डोक्याचा बोल्ट आपल्या प्रतिकृतीत अवघा ०.४ मिलिमीटर असतो. दोन-तीन जाड थरांत तो बुडून जाईल. म्हणून रंग पातळ करून, पातळ थरांनीच द्यावा.

पाण्याचा थेंब घ्या. ४ मिलिमीटरचा थेंब आपल्या वाघिणीच्या मानाने २० सेंटिमीटरचा होतो. घागरीएवढा थेंब कोणी पाहिला आहे? मोठ्या आकारात पाण्याचे वजन जिंकते आणि पाणी वाहून जाते. लहान आकारात पृष्ठताण जिंकतो आणि थेंब जागीच चिकटून राहतो. कारण उघड आहे : वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, पृष्ठताणाचे बल मात्र फक्त लांबीच्या प्रमाणात घटते. म्हणून प्रतिकृतीवर गंजाचे पाणी ओतून ओघळ पडतील अशी आशा करू नये. ओघळ कुंचल्याने ओढावेच लागतात.

मातीचा कण घ्या. अर्धा मिलिमीटरचा वाळूचा कण आपल्या प्रमाणात अडीच सेंटिमीटरचा खडा होतो. वाघिणीवर चिकटविलेली अंगणातील माती ही 'धूळ' दिसत नाही, खडी दिसते, त्याचे कारण हे.

शेवटी प्रकाश घ्या. भर उन्हात वाघिणीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. वर्गातल्या टेबलावर तो तीन-चारशे लक्सच असतो. मंद प्रकाशात रंग कमी उठावदार आणि अधिक काळोखे भासतात. त्यातच, एकच रंग मोठ्या पृष्ठभागावर असताना जितका उजळ वाटतो तितका लहान तुकड्यावर वाटत नाही. घराला रंग देताना दुकानातील इंचभर नमुन्यावरून निवडलेला रंग भिंतीवर भलताच उजळ निघतो, हा अनुभव पुष्कळांच्या घरी असेल. या दोन्ही कारणांनी खऱ्या वाघिणीचा तंतोतंत रंग प्रतिकृतीला दिला तरी ती जास्त गडद दिसते. त्यात थोडा पांढरा मिसळून तो उजळ करावा लागतो. अंदाजे दहा भागांत एक भाग पांढरा घेऊन सुरुवात करा आणि वर्गातल्याच उजेडात पारखा.

गेरू, पिवडी आणि गंज : एकाच घरातील भावंडे

आता रंगद्रव्यांकडे वळू. आपल्याला लागणारी बहुतेक रंगद्रव्ये महाग नाहीत, आणि त्यांतली मुख्य दोन लोखंडाचीच संयुगे आहेत.

गेरूचा तांबडा रंग हेमटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचा असतो. भिंतींना देतात त्या पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग गोएथाइट या खनिजाचा असतो. गोएथाइटातही लोह आणि ऑक्सिजनच असतात, पण जोडीला हायड्रोजनही बांधलेला असतो. पिवडी तापविली की हा हायड्रोजन थोडा ऑक्सिजन बरोबर घेऊन पाण्याच्या रूपाने निघून जातो आणि मागे तांबडे हेमटाइट उरते. हे समीकरण शब्दांत असे मांडता येईल :

गोएथाइट (पिवळे) + उष्णता → हेमटाइट (तांबडे) + पाणी

शिक्षकांच्या देखरेखीखाली लोखंडी पळीत चिमूटभर पिवडी तापवून हा प्रयोग जरूर करा. पिवळा रंग डोळ्यांदेखत विटकरी होत जातो. तापविण्याचा वेळ कमी-जास्त केला, तर पिवळा, नारिंगी, विटकरी अशा छटांची मालिकाच मिळते. (बाजारी पिवडीत कृत्रिम सेंद्रिय रंग मिसळलेला असेल, तर तो जळून भुकटी काळपट होईल. तीही एक परीक्षाच झाली.)

आणि गंज म्हणजे काय? लोखंडावर ऑक्सिजन व पाणी यांच्या क्रियेने तयार होणारी लोहाची पाणीयुक्त ऑक्साइडे. म्हणजे गंज हा याच घराण्यातला. म्हणूनच गंज रंगविण्यासाठी गेरू आणि पिवडी यांच्याइतके योग्य दुसरे काही नाही. ताजा गंज नारिंगी असतो, त्यासाठी गेरूत पिवडी मिसळावी. जुना गंज गडद तपकिरी असतो, त्यासाठी गेरूत थोडी काजळी मिसळावी.

येथे एक गमतीची गोष्ट लक्षात घ्या. वाघिणीला गंजापासून वाचविणाऱ्या तांबूस-तपकिरी रंगातील रंगद्रव्यही लोहाचे ऑक्साइडच असते. खिडकीच्या गजांना देतात तो 'रेड ऑक्साइड' हाच. गंजासारख्याच पदार्थाने गंज कसा थांबतो? या रंगद्रव्यातील लोह आधीच पूर्णपणे ऑक्सिडीकृत झालेले असते, त्याला आणखी गंजायला जागा उरलेली नसते. म्हणून ते ऊन-पावसात बदलत नाही, आणि बंधकद्रव्याबरोबर लोखंडावर टिकाऊ पांघरूण घालते. लोखंडावर आपोआप चढणारा गंज मात्र भुसभुशीत असतो. मूळ लोखंडापेक्षा तो अधिक जागा व्यापतो, त्यामुळे रंगाखाली फुगतो, रंगाला पोपडे आणतो, आणि त्याच्या छिद्रांतून पाणी आत जातच राहते.

गंज ठरावीक ठिकाणीच का सुरू होतो, याचा छडा केंब्रिज विद्यापीठातील युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात एका साध्या प्रयोगाने लावला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि काही तास पाहत राहा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. या फरकामुळे थेंबाची जणू एक छोटी विद्युत्‌घटमाला बनते. मध्यभागी लोखंड विरघळू लागते, कडेला ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गंजाचे कडे उमटते. बोल्टाच्या फटीत, पट्टीखाली, जेथे पाणी असते पण हवा कमी पोहोचते, तेथे लोखंड अधिक का खाल्ले जाते, हे यावरून कळते. प्रतिकृतीवर गंजाचा पहिला ठिपका कोठे द्यायचा, याचे उत्तरही यातच आहे.

ओला खडू दिसेनासा का होतो?

रंगद्रव्याची कोरडी भुकटी प्रतिकृतीवर फार सुंदर दिसते. मग कोणीतरी ती टिकावी म्हणून वरून वॉर्निश फिरवतो, आणि धूळ अदृश्य होते! याचे कारण समजण्यासाठी पुढील प्रयोग करा.

काळ्या कागदावर खडूने तीन ठिपके गिरवा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यावर पाण्याचा आणि तिसऱ्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाका. दोन्ही ओले ठिपके फिके पडतील. तासाभराने पाहा. पाण्याचा ठिपका वाळून पुन्हा पांढरा झालेला असेल, तेलाचा मात्र फिकाच राहील.

पांढरेपणा खडूच्या पदार्थात नाही, तो खडूचे कण आणि हवा यांच्या सीमेवर होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यात आहे. प्रकाश किती विखुरतो हे दोन माध्यमांच्या वक्रीभवनांकातील फरकावर अवलंबून असते. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, खोबरेल तेलाचा सुमारे १.४५. फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्याचा सुमारे १.५२. हवेत फरक मोठा, म्हणून खडू पांढराशुभ्र. तेलात फरक अगदी थोडा, म्हणून प्रकाश न विखुरता आरपार जातो आणि खालचा काळा कागद दिसू लागतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते, तिच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे.

हेमटाइटाचा वक्रीभवनांक मात्र सुमारे ३ आहे. तेलात बुडाले तरी फरक मोठाच राहतो, म्हणून गेरू तेलातही झाकतो. पांढऱ्या रंगात आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडाचा वक्रीभवनांक सुमारे २.७ असल्याने तोही चांगला झाकतो. यावरून आपला नियम निघतो : गंज रंगात मिसळून लावला तरी चालेल, पण धूळ भुकटीच्या रूपातच ठेवावी आणि तिच्यावर वॉर्निश देऊ नये.

प्रत्यक्ष कृती

साहित्य : रेड ऑक्साइड रंगाची लहान डबी, थोडा पांढरा ऑइलपेंट, टर्पेंटाइन, काळा व तपकिरी पोस्टर रंग, गेरू, पिवडी, काजळी, खडू, जाडे मीठ, बाभळीचा डिंक, स्पंजाचा तुकडा, एक बारीक कुंचला, एक जुना चपटा कुंचला, जुने सुती कापड.

१. पुठ्ठ्याला पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक हात देऊन वाळवा, म्हणजे पुठ्ठा रंग शोषणार नाही आणि पुढे पाण्याने फुगणारही नाही.

२. थोड्या रेड ऑक्साइडात काजळी मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून सर्व वाघिणीला आतून-बाहेरून द्या. हा झाला 'रंगाखालचा गंज'. तो दोन दिवस पूर्ण वाळू द्या. कच्चा राहिला, तर पुढच्या थरातील टर्पेंटाइन त्याला पुन्हा विरघळवील.

३. बाहेरच्या बाजूला, जेथे रंग उडालेला दाखवायचा आहे तेथे (खालची कड, दाराच्या कडा, कोपरे), पाण्याचा हलका हात देऊन मिठाचे थोडे कण चिकटवा व वाळू द्या. फार कण टाकू नका, आणि ओळीने तर मुळीच नको.

४. आता रेड ऑक्साइडात पांढरा मिसळून उजळ केलेला रंग बाहेरच्या बाजूला स्पंजाने टिपत टिपत द्या. कुंचला फिरवला तर मीठ सरकेल. एक दिवस वाळवा. मग ओल्या कुंचल्याने मिठाचे कण घासून काढा. मीठ पाण्यात विरघळते, तेलाच्या रंगाला पाणी काही करीत नाही. प्रत्येक कणाच्या जागी रंगाचा टवका उडून खालचा गडद 'गंज' उघडा पडलेला दिसेल. या टवक्यांच्या कडा वेड्यावाकड्या येतात, आणि खरा रंगही असाच उडतो. हाताने काढलेल्या ठिपक्यांना ते साधत नाही.

५. काळा व तपकिरी पोस्टर रंग दहापट पाण्यात पातळ करा. तो तसाच लावला तर तेलकट पृष्ठभागावर त्याचे थेंब होतील. त्यात साबणाच्या पाण्याचे एक-दोन थेंब टाका. साबणाने पृष्ठताण कमी होतो, रंग पसरतो आणि केशाकर्षणाने फटींत, खाचांत आपोआप ओढला जातो. मघाशी ओघळांच्या आड आलेला पृष्ठताण येथे आपले काम करतो. फटी काळोख्या झाल्या की आकार उठून दिसू लागतात.

जास्तीचा रंग वाळण्यापूर्वी ओलसर कापडाने वरून खाली पुसून घ्या. मोठा थेंब तसाच वाळू दिला तर त्याच्या कडेला गडद वर्तुळ उमटते. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन वेगाने होते, ती भर काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना रंगाचे कण घेऊन जाते. चहा-कॉफीच्या डागाभोवतीचे हे कडे सगळ्यांनी पाहिलेले असते, पण त्याचे हे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली दिले.

६. गेरू आणि पिवडी डिंकाच्या अगदी पातळ पाण्यात कालवा. बारीक कुंचल्याने बिजागरीखाली, बोल्टाखाली एक ठिपका ठेवा आणि स्वच्छ ओलसर चपट्या कुंचल्याने तो सरळ खाली ओढा. ओघळ वर गडद, खाली फिका होत गेला पाहिजे. एका बाजूवर पाच-सहा ओघळ पुरेत.

७. जुन्या कुंचल्याला फिकट रंग लावून तो कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि कडांवरून हलकेच फिरवा. रंग फक्त उंचवट्यांवर बसेल. खऱ्या वस्तूच्या कडाच आधी झिजतात, आणि प्रकाशही त्यांच्यावरच चमकतो.

८. शेवटी धूळ. तुमच्या भागातली माती घेऊन ती पाण्यात ढवळा. पाण्याची खोली सुमारे १० सेंमी. असू द्या. पाच मिनिटे थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद ओता, तळाचा गाळ टाकून द्या. गढूळ पाणी एक-दोन दिवस निवळू द्या आणि वरचे पाणी काढून खाली बसलेला साका वाळवा. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. हा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. ०.०२ मिलिमीटरचा मातीचा कण १० सेंमी. खाली जायला साधारण पावणेपाच मिनिटे घेतो. म्हणजे पाच मिनिटांनंतर वरच्या पाण्यात याहून बारीकच कण उरतात. पन्नासने गुणले तर ते एक मिलिमीटरपेक्षा लहान : धूळ म्हणायला योग्य!

ही भुकटी आणि थोडी खडूची पूड कोरड्या कुंचल्याने खालच्या भागावर, चाकांच्या बाजूंवर आणि आडव्या पट्ट्यांवर लावा. आतल्या बाजूला काजळी किंवा कुटलेल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड चोळा. चाकांचा टेकता भाग पेन्सिलीच्या मऊ शिशाने घासा. ग्रॅफाइटला धातूसारखी चमक असते, आणि तेवढाच भाग चकाकलेला हवा.

हे मात्र जपून

रंगद्रव्ये मातीची असली तरी त्यांची धूळ फुप्फुसांना मातीइतकीच वाईट. भुकटी फुंकू नका, नाकाला रुमाल बांधा, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. पिवडी तापविण्याचा प्रयोग वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर करा.

लाल-पिवळा रंग हवा म्हणून शेंदूर, हिंगूळ किंवा हरताळ चुकूनही वापरू नका. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे, हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड, आणि हरताळ हे आर्सेनिकाचे सल्फाइड. तिन्ही विषारी. शिसे तर अगदी थोड्या प्रमाणातही मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते. म्हणून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. रंग घेताना डबीवर तसा उल्लेख आहे का ते वाचूनच घ्या. (पेन्सिलीतले 'शिसे' मात्र शिसे नव्हे. ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते.)

डाग खरा की खोटा?

एकदा हात बसला की मोह होतो : आणखी थोडा गंज, आणखी दोन ओघळ, आणखी धूळ. बघता बघता सगळी वाघीण एकसारखी तपकिरी होते. अशी प्रतिकृती चकचकीत खेळण्याइतकीच खोटी, कारण खऱ्या वस्तूवर कारणाशिवाय डाग नसतो. प्रत्येक डाग म्हणजे एक विधान आहे. बिजागरीखालचा ओघळ म्हणतो, "येथे पाणी साचते." खालच्या कडेचा करडा पट्टा म्हणतो, "मी काळ्या मातीतून आलो." चाकावरची चमक म्हणते, "मी कालच धावले आहे." बरेच दिवस उभ्या असलेल्या वाघिणीचे चाक चकाकलेले दाखविले, तर ते विधान खोटे ठरते.

पुलाची तपासणी करणारा अभियंताही हीच भाषा वाचीत असतो. रंगावर उमटलेल्या गंजाच्या बारीक रेषेवरून तो ओळखतो की वरच्या सांध्यात पाणी शिरते आहे, आणि तो सांधा उघडून पाहतो. ती रेषा कोणी वेळेवर वाचली नाही, तर पोलाद आतून पातळ होत जाते आणि बाहेरून पुष्कळ दिवस काही कळत नाही. वाघिणीवरचा ओघळ योग्य जागी काढायला शिकलेला विद्यार्थी खऱ्या पुलावरचा ओघळ वाचायलाही शिकू लागलेला असतो.

म्हणून शिक्षकांना एक सूचना : प्रदर्शनात प्रतिकृतीचे गुण देताना कोणत्याही एका डागावर बोट ठेवून विचारावे, "हा येथेच का?" विद्यार्थ्याने कारण सांगितले, तर ती प्रतिकृती विज्ञानाची. "छान दिसतो म्हणून" असे उत्तर आले, तर ती शोभेची.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेच्या लोखंडी फाटकाचे चित्र काढून त्यावरील गंजाच्या जागा दाखवा. प्रत्येक जागी पाणी का साचते ते लिहा.

२. १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत ०.०२ मिलिमीटरचा मातीचा कण किती मोठा भासेल? त्याच्या निम्म्या व्यासाचा कण हवा असेल, तर पाण्याची खोली तीच ठेवून किती मिनिटे थांबावे लागेल? (स्टोक्स यांचा नियम वापरा. वेग किती पट कमी होईल याचा आधी विचार करा.)

३. काळ्या कागदावर गेरू आणि खडू यांचे ठिपके शेजारी शेजारी देऊन दोन्हींवर खोबरेल तेल टाका. काय फरक दिसतो? वक्रीभवनांकाच्या साहाय्याने कारण सांगा.

४. समुद्रकिनाऱ्यावरील गावातली आणि विदर्भातली, अशा एकाच वयाच्या दोन वाघिणी रंगवायच्या आहेत. गंजाचे प्रमाण आणि धुळीचा रंग यांत तुम्ही कोणता फरक कराल? का?